ठाणे-नवी मुंबईत ग्लुटेन-फ्री आणि खास ब्रेड घ्यायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेडवर ‘नाचणी’, ‘ज्वारी’ किंवा ‘मल्टिग्रेन’ लिहिलंय. म्हणजे ग्लुटेन नसेल ना?

बहुतेक वेळा असतंच. ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं, पिठाला ताण देणारं प्रथिन. नाचणी, ज्वारी, बाजरी या धान्यांत ते नसतं हे खरं, पण म्हणूनच नुसत्या त्यांच्या पिठात हवा धरून राहत नाही आणि पाव फुगत नाही. त्यामुळे बेकरीवाले मैदा किंवा कणीक मुख्य ठेवतात आणि त्यात थोडं नाचणीचं पीठ घालतात. रंग नाचणीचा येतो, पण पीठ ताणलं जातं ते मैद्यामुळे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्या यादीत गहू किंवा मैदा पहिला असो की चौथा, तो ब्रेड ग्लुटेन टाळणाऱ्यासाठी नाही.

काउंटरवर ‘मैदा नाही, पूर्ण आटा आहे’ असं उत्तर मिळालं तरी फसू नका. आटा म्हणजे गहूच. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’, ‘मैदा-फ्री’ आणि ‘एगलेस’ या तीन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

नेमकं काय काय टाळायचं?

गहू, जव आणि राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) ही तीन धान्यं आणि त्यांच्यापासून झालेलं सगळं. मैदा, कणीक, रवा, दलिया, गव्हाच्या शेवया हे लक्षात राहतं. निसटतं ते पुढचं.

खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे. पचायला बरी म्हणून अनेक जण ती घेतात, पण सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्याला ती अजिबात चालत नाही. ‘सातू’ या शब्दाने हमखास घोळ होतो: मराठीत सातू म्हणजे जव, आणि घरच्या सातूच्या पिठात बहुधा भाजलेला गहूही असतो. बिहारी सत्तू मात्र भाजलेल्या हरभऱ्याचा. माल्ट बहुधा मोड आणलेल्या जवाचा, म्हणून माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि माल्टवाली चॉकलेट पावडर दोन्ही बाद.

हिंगाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. बाजारातला बांधानी हिंग पिठात मिसळून बनवतात आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. व्हेज पॅटिसच्या सारणात, मसाला टोस्टमध्ये तो असू शकतो. चायनीज सारणाच्या पफमधल्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नाही, पण शेतात आणि कारखान्यात ते गव्हाच्या सोबतीने हाताळले जातात. ‘ग्लुटेन-फ्री’ असं वेगळं लिहिलेलेच ओट्स घ्यावेत. सीलिअॅक असलेल्या काही जणांना तेही सोसत नाहीत, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दाला कायद्याने काही अर्थ आहे का?

आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेच्या नियमांनुसार ग्लुटेन-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर त्याला ‘कमी ग्लुटेन’ म्हणता येतं, ग्लुटेन-फ्री नाही.

हे आकडे किती लहान आहेत ते बघा. मर्यादेवर असलेला १०० ग्रॅम ब्रेड खाल्ला तर पोटात २ मिलिग्रॅम ग्लुटेन जातं. गव्हाच्या ब्रेडच्या ३० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये ते २ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे हजार पट. सीलिअॅक असलेल्या बहुतेकांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहणं सुरक्षित मानतात. सुरीला चिकटलेला चुरा ही किरकोळ गोष्ट का नाही, ते यावरून कळेल.

बेकरीत जाऊन विचारायचं काय?

‘यात मैदा आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. पीठ गिरणीतून निघाल्यापासून ब्रेड तुमच्या पिशवीत पडेपर्यंत गव्हाशी गाठ कुठे कुठे पडते, त्या प्रत्येक जागेचा एक प्रश्न आहे.

पहिली जागा गिरणी. ज्वारी किंवा तांदूळ साध्या पिठाच्या गिरणीतून दळून आणला असेल, तर त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. मधल्या फटीत राहिलेलं गव्हाचं पीठ पुढच्याच्या पिठात येतं. बेकरीवाला अगदी प्रामाणिकपणे ‘शंभर टक्के ज्वारी’ म्हणतो आणि तरीही ब्रेड २० मिलिग्रॅमच्या आत बसत नाही. म्हणून विचारा: पीठ ग्लुटेन-फ्री म्हणून पॅक केलेलं आणता, की स्वतःच्या वेगळ्या चक्कीवर दळता? बेसनालाही हाच प्रश्न लागू.

दुसरी जागा म्हणजे खोली. मैद्याचं पोतं उघडलं, मिक्सर सुरू झाला की बारीक पीठ हवेत कित्येक तास तरंगतं आणि मग ट्रेवर, उघड्या घमेल्यात बसतं. एकाच खोलीत एका टेबलावर लादीपाव आणि शेजारच्या टेबलावर ग्लुटेन-फ्री ब्रेड होत असेल, तर टेबल वेगळं असून उपयोग नाही. वेगळी खोली सगळ्यात बरी. नसेल तर निदान सकाळी मैदा उघडण्याआधी, धुतलेल्या भांड्यांत पहिली खेप काढली पाहिजे.

तिसरी जागा भट्टी आणि पत्रे. पंख्याच्या ओव्हनमध्ये हवा फिरते आणि वरच्या जाळीवरचं पीठ खाली उडतं. पत्रे जुने आणि चरे पडलेले असतील तर त्यात अडकलेला चुरा नुसत्या फडक्याने निघत नाही.

चौथी जागा स्लाइस करायचं मशीन, आणि बरीच मेहनत इथेच वाया जाते. ब्रेड वेगळ्या खोलीत झाला, वेगळ्या पत्र्यावर भाजला आणि शेवटी ज्या मशीनवर दिवसभर मैद्याचे ब्रेड कापले त्याच मशीनवर कापला. त्या पात्यांमधला चुरा साफ करणं फार कठीण असतं. तिथे सरळ सांगा: ‘कापू नका, अख्खा द्या.’ घरी आपल्या सुरीने कापा.

शेवटची जागा काउंटर. खारी उचललेल्या चिमट्यानेच तुमची कुकी उचलली जाते. बंद पाकिटातला माल घ्या, किंवा हातमोजा बदलून नव्या कागदाने उचलायला सांगा.

कारागिराला मराठी कळत नसेल तर?

आपल्या भागातल्या बऱ्याच बेकऱ्यांत कारागीर उत्तर भारतातले आहेत. ‘ग्लुटेन’ शब्द मालकाला माहीत असतो, भट्टीवरच्या माणसाला असेलच असं नाही. तेव्हा धान्यांची नावं घेऊन विचारा: ‘भैया, इसमें गेहूं, मैदा, आटा, सूजी, जौ, कुछ भी डाला है क्या? छिड़कने के लिए कौन-सा आटा लेते हो?’ दुसरा प्रश्न विसरू नका. पीठ हाताला चिकटू नये म्हणून भुरभुरलेला मैदा कुणी घटक म्हणून मोजत नाही.

पदार्थ खाणाऱ्याला आजार आहे हेही स्पष्ट सांगा. ‘डाएट’ म्हटलं की थोडंफार चालतं असं समोरच्याला वाटतं.

कोणत्या बेकरीतून घ्यायचं, नावं का देत नाही?

कारागीर बदलतो, पिठाचा पुरवठादार बदलतो, गर्दीच्या दिवसांत वेगळी खोली साठवणीला जाते. सहा महिन्यांपूर्वीची यादी सीलिअॅक असलेल्याला घात करू शकते. वरचे पाच प्रश्न मात्र कुठल्याही बेकरीत चालतात, आणि नेहमीच्या बेकरीतसुद्धा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारायला हवेत.

शोध कुठे घ्यायचा एवढं सांगता येतं. नौपाड्यातल्या किंवा स्टेशनजवळच्या जुन्या बेकऱ्यांत लादीपाव, ब्रून, खारी, टोस्ट, नानकटाई म्हणजे सगळा मैदाच. तिथे ग्लुटेन-फ्री पदार्थ असला तरी खोली एकच असते. घोडबंदर रोडच्या वसाहती, वाशी, नेरुळ, सीवूड्स, खारघर इथे ऑर्डर घेऊन बेक करणारे छोटे व्यावसायिक शोधा. त्यातही फक्त ग्लुटेन-फ्रीच करणारं स्वयंपाकघर मिळालं तर ते सोडू नका.

परवाना आणि लॅबचा रिपोर्ट कसा तपासायचा?

एफएसएसएआयचा क्रमांक १४ आकडी असतो. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून धंद्याचं नाव जुळतं का बघा. मात्र त्यावरून व्यवसाय नोंदलेला आहे एवढंच कळतं, ब्रेडमध्ये ग्लुटेन नाही हे कळत नाही.

त्यासाठी रिपोर्ट मागा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा, आर-५ एलायझा या ग्लुटेन मोजण्याच्या पद्धतीचा, आणि तुम्ही घेताय त्याच पदार्थाचा. नुसत्या पिठाचा रिपोर्ट दाखवला तर तो गिरणीपुरता झाला. तारीख बघा. रिपोर्ट मागितल्यावर चिडणाऱ्या दुकानापेक्षा ‘आमच्याकडे मैदाही असतो, तुम्हाला सीलिअॅक असेल तर घेऊ नका’ असं सांगणारं दुकान कितीतरी भरवशाचं.

घरून बेक करणाऱ्यांकडून घेतलं तर चालेल?

चालेल, आणि कधीकधी तेच जास्त सुरक्षित असतं, कारण एका माणसाला सगळं माहीत असतं. पण घरात रोज पोळ्या होतात हे विसरू नका. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि लाकडी उलथणं यांच्यात पीठ मुरलेलं असतं, ती वेगळीच हवीत. मिक्सरचं भांडं, बटरचा डबा आणि साखरेचा डबा यांबद्दलही विचारा. कणकेचा चमचा साखरेत जातो.

ब्रेड चांगला झालाय हे बघून कसं ओळखायचं?

ग्लुटेन-फ्री ब्रेड मैद्याच्या ब्रेडपेक्षा जड असतो आणि तसा असणं बरोबर आहे. ग्लुटेनचं काम इसबगोल किंवा झँथन गम करतं. इसबगोलाच्या भुसीवर केलेल्या ब्रेडमध्ये पिठाच्या वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के भुसी आणि जवळजवळ पिठाइतकंच पाणी लागतं. मैद्याच्या ब्रेडला ६० ते ६५ टक्के पाणी पुरतं. जास्तीचं पाणी ब्रेडमध्ये राहतं, म्हणून तो दमट लागतो.

बोटाने दाबलं की हळूहळू वर यायला हवा. तळाशी चिकट, चकाकणारा थर असेल तर आतून कच्चा राहिलाय. असा ब्रेड मध्यभागी ९६ ते ९८ अंश सेल्सिअस होईपर्यंत भाजावा लागतो, आणि घाई केली की हाच थर बसतो. गरम असतानाच कापला तरी आत लगदा होतो. निदान दोन तास थंड व्हायला हवा, म्हणून भट्टीतून नुकताच काढलेला ग्लुटेन-फ्री ब्रेड कापून मागू नका. वरच्या सालीखाली मोठी पोकळी दिसली तर पीठ गरजेपेक्षा जास्त फुगवलंय. स्लाइस हातात धरताच भुगा झाला तर बांधणारा घटक कमी पडलाय किंवा ब्रेड शिळा आहे.

आतून किंचित जांभळट-करडा रंग दिसला तर घाबरू नका. इसबगोलाच्या काही भुसीने तसा रंग येतो.

एगलेस आणि ग्लुटेन-फ्री दोन्ही हवं असेल तर?

मिळतं, पण अपेक्षा थोडी बदला. अंडं हेही बांधणीचं काम करतं, आणि ग्लुटेन व अंडं दोन्ही काढलं की सगळा भार इसबगोल आणि स्टार्चवर येतो. अशा ब्रेडपेक्षा केक जास्त चांगला जमतो. जैन ग्राहकांनी बटाट्याचं स्टार्च वापरलंय का ते विचारावं. ग्लुटेन-फ्री मिश्रणात ते अनेकदा असतं, त्याऐवजी मक्याचं स्टार्च चालतं.

पेस्ट्रीत मुळातच मैदा नसलेलं काय मिळतं?

बदामाच्या पिठाचे मॅकरून, मेरँग, पीठ न घालता केलेला चॉकलेट केक, कॅरॅमल कस्टर्ड. नारळाच्या मॅकरूनमध्ये काही ठिकाणी रवा किंवा मैदा घालतात, बास्क चीजकेकमध्ये चमचाभर मैदा असू शकतो आणि साध्या चीजकेकचा तळ बिस्किटाचा असतो. मूसमध्ये अनेकदा जिलेटिन असतं, ते शाकाहारी नाही. मावा केक आणि क्रीम रोल यांत मैदा असतोच.

‘कीटो ब्रेड’ चालेल?

सावध राहा. कीटो ब्रेडमध्ये कार्बोहायड्रेट कमी करण्यासाठी अनेकदा वेगळं काढलेलं शुद्ध ग्लुटेनच घालतात. पाकिटावर ‘व्हायटल व्हीट ग्लुटेन’ शोधा. सीलिअॅक असलेल्यासाठी हा साध्या पावापेक्षाही वाईट.

आणि सावरडो (विकतच्या यीस्टऐवजी विरजणाने आंबवलेला ब्रेड)?

गव्हाच्या सावरडोत ग्लुटेन असतंच. लांब आंबवण्याने ते थोडं कमी होतं, पण २० मिलिग्रॅमच्या जवळपासही येत नाही. विरजण आणि ब्रेडचं पीठ दोन्ही तांदूळ किंवा ज्वारीचं असलेला सावरडो वेगळा, तो चालतो. विरजण कशावर पोसलंय ते विचारा.

ज्यांना ग्लुटेनचा त्रास नाही त्यांनी खरा सावरडो जरूर घ्यावा. घटक तीनच हवेत: पीठ, पाणी, मीठ. यादीत यीस्ट किंवा व्हिनेगर दिसलं तर आंबटपणा उधार आणलेला आहे. आंबायला बारा ते चोवीस तास लागतात, म्हणून बरेच जण ठरावीक वारीच बेक करतात. वार विचारून, एक दिवस आधी सांगून ठेवा.

ग्लुटेन चालणाऱ्यांनी क्रॉसाँ घेताना लोणी की मार्गरिन एवढं विचारावं. मार्गरिनचा असेल तर टाळूला मेणासारखा थर बसतो. आडवा कापल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी. ब्रेडसारखा गच्च असेल तर लोणी पिठात वितळून पदर बुजले आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत हे फार होतं.

घरी आणल्यावर ठेवायचा कसा?

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही. स्टार्च शिळं पडून कडक होण्याचा वेग फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात जास्त असतो, आणि ग्लुटेन-फ्री ब्रेड म्हणजे बहुतांशी स्टार्च. त्याच दिवशी स्लाइस करा, दोन स्लाइसमध्ये बटर पेपर ठेवा, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर छान राहतो. हवी तेवढी स्लाइस काढून थेट टोस्ट करा, आधी वितळवायची गरज नाही.

पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या दमट ब्रेडला दोन दिवसांत बुरशी दिसू शकते. बुरशीचा तेवढा भाग काढून बाकीचा खाऊ नका. सावरडोची साल मऊ पडली तर वरून पाण्याचा हलका हात फिरवून १८० अंशांवर ५ ते ८ मिनिटं तापवा.

टोस्टर वेगळा हवा. पोळ्यांचा तवा वापरायचा झाला तर आधी घासून धुवा, आणि जुना, थर बसलेला लोखंडी तवा नकोच. लोण्याच्या आणि जॅमच्या बाटलीतही वेगळा चमचा ठेवा.

वाशीहून ठाण्याला लोकलने केक आणता येईल का?

ट्रान्स-हार्बरने अर्ध्या तासाचा प्रवास आहे, पण स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची वाट धरून तासभर मोजा. ब्रेड आणि कुकीज निवांत येतात. फ्रेश क्रीमचा केक एप्रिल-मेमध्ये तासभरात ढासळतो, म्हणून बर्फाचे पॅक घालून घ्या किंवा गनाशचा (चॉकलेट-क्रीमच्या घट्ट थराचा) केक मागवा. गरम ब्रेड प्लास्टिकमध्ये बांधून घेऊ नका, वाफ आत साचून साल ओली होते. कागदी पिशवी घ्या, नाहीतर तो थंड होईपर्यंत थांबा.

एवढा महाग का असतो?

पॅक केलेली पिठं, इसबगोल, बदाम महाग पडतात, खेप लहान असते आणि दर खेपेआधी सगळं धुण्यात वेळ जातो. फार स्वस्त मिळाला तर पिठाबद्दल पुन्हा विचारा.

ग्लुटेन-फ्री म्हणजे मधुमेहाला चांगला?

नाही. तांदळाचं पीठ आणि स्टार्च रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात. ज्यांना ग्लुटेनचा त्रास नाही त्यांना हा ब्रेड घेऊन आरोग्याचा वेगळा फायदा होत नाही.

संशय आहे, तपासणी झालेली नाही. आजपासून बंद करू?

आत्ता बंद करू नका. रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी आणि गरज पडली तर बायोप्सी ही ग्लुटेन खात असतानाच करावी लागते. आधीच बंद केलं तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. पोटाच्या डॉक्टरांकडे जा, मग ब्रेड बदला. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात ओठ-चेहऱ्याला सूज येणं किंवा दम लागणं असं काही झालं तर तातडीने दवाखाना गाठा.

मुलाच्या वाढदिवसाला काय करायचं?

सगळ्यांसाठी एकच ग्लुटेन-फ्री केक परवडत असेल तर प्रश्नच मिटतो, सुरी एकच चालते आणि मूल वेगळं पडत नाही. दोन केक आणायचे असतील तर त्याचा आधी कापा, वेगळ्या सुरीने, आणि त्याची प्लेट भरून बाजूला ठेवा. वेफर्स, सामोसे, केक एकाच ताटात वाढू नका. शाळेत नेण्यासाठी कपकेक एकेक डबीत बंद करून मागा, ४८ तास आधी सांगितलं तर बहुतेक जण तसे देतात. वर्गशिक्षिकेला चिठ्ठीत ‘गहू, मैदा, रवा, बिस्किट नको’ असं लिहा. ‘ग्लुटेन’ एवढंच लिहिलं तर मधल्या सुट्टीत कुणीतरी मायेने बिस्किट पुढे करतं.